अक्कलकोट रस्त्यावरच्या वस्तीवरून आणलेली कारवानी: चौदा महिन्यांनंतरचा अभिप्राय

सोलापुरात कारवानी जातीच्या कुत्र्याचे चांगले पिल्लू कुठे मिळेल, असे गेल्या वर्षभरात मला इतक्या जणांनी विचारले आहे की त्याचे उत्तर एकदा नीट लिहून ठेवावे असे वाटू लागले. पहाटे जुळे सोलापुरातून माझ्या कारवानी कुत्रीला, चंद्रीला, फिरवायला नेले की कोणीतरी दुचाकी बाजूला घेतो, तिच्या लांब पायांकडे आणि आत ओढलेल्या पोटाकडे पाहतो, ‘हिला खायला घालता की नाही?’ असे विचारतो आणि लगेच ‘आणली कुठून?’ असेही विचारतो. रस्त्यात उभ्या उभ्या सांगताना निम्म्या गोष्टी राहून जातात आणि राहतात त्या नेमक्या महत्त्वाच्या असतात.

हा अभिप्राय अक्कलकोट रस्त्यापासून आत, एका शेतवस्तीवर कारवानी कुत्र्यांची पैदास करणाऱ्या गृहस्थांच्या कामाविषयी आहे. परिसरात त्यांना सगळे अण्णा म्हणतात. मागे कोणीतरी त्यांचा नंबर सगळीकडे फिरवला आणि रात्री-अपरात्री ‘एक नर पाहिजे, शेवटचा भाव सांगा’ असे फोन सुरू झाले, तेव्हापासून नाव आणि नंबर कुठेही देऊ नये अशी त्यांची विनंती आहे आणि ती मी पाळतो आहे. पिल्लू घरी आल्यावर पंधरा दिवसांत हे लिहिले असते तर त्यात केवळ कौतुक आले असते. आता चौदा महिने झाले आहेत, एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक मोठी दुखापत होऊन गेली आहे, त्यामुळे कौतुक कशाचे करायचे आणि तक्रार कशाची करायची हे मला नक्की सांगता येते.

पहिल्यांदा गेलो तो एप्रिल महिना होता. पिल्ले पाहायची, एक निवडायचे आणि पैसे द्यायचे एवढ्याच तयारीने मी आणि माझी मुलगी गेलो होतो. अण्णांनी पिल्ले दाखवलीच नाहीत, कारण त्या वेळी त्यांच्याकडे एकही पिल्लू नव्हते आणि वर्षभर पिल्ले विकायला ठेवणारा माणूस आपण नाही हे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितले. लिंबाच्या झाडाखाली खुर्च्या टाकून त्यांनी उलट आमचीच चौकशी केली. घर स्वतःचे की भाड्याचे, कंपाउंडची भिंत किती उंच, दिवसा घरी कोण असते, शेजारी कोंबड्या किंवा मांजरे आहेत का, कुत्रे बांधून ठेवणार की मोकळे, आणि शेवटी, आवाज थोडा खाली आणून, ‘शिकारीचा नाद हाय का कुणाला घरात?’ शिकारीचा नाद कोणालाच नाही असे सांगितल्यावर ते म्हणाले, ‘सर, पिल्लू न्याल आन् साखळीला बांधून घालाल, तर ते कारवानी ऱ्हात न्हाई. वर्षभरात निस्ता भित्रा हाडांचा सापळा हुतो.’ आमची भिंत चार फुटांची आहे हे कळल्यावर त्यांनी सरळ नकार दिला. भिंतीवर जाळी लावून ती सहा फूट केली आणि त्याचा फोटो पाठवला, तेव्हा कुठे त्यांनी आमचे नाव वहीत लिहिले. विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला असे परत पाठवलेले मी सोलापुरात तरी प्रथमच पाहिले. त्या दिवशी थोडा राग आला होता. आज वाटते की त्यांच्या सगळ्या सेवेत सर्वांत मोलाची गोष्ट तीच होती.

त्या भेटीत पिल्ले नसली तरी पुढे जी चंद्रीची आई झाली ती मादी आम्हाला पाहायला मिळाली. फिकट बदामी रंगाची, उभी राहिली की खांदा माझ्या मांडीपर्यंत येईल एवढी. मुलीने हात पुढे केला तेव्हा ती गुरगुरली नाही आणि शेपूटही हलवली नाही. ती फक्त दोन पावले मागे सरली, हात पोचणार नाही इतक्या अंतरावर थांबली आणि आमच्याकडे पाहत राहिली. अण्णांनी मुलीला जमिनीवर बसायला आणि मादीकडे न पाहता गप्पा मारायला सांगितले. वीसेक मिनिटांनी ती मादी मागून आली, मुलीच्या वेणीचा वास घेतला आणि तिच्या पाठीला पाठ लावून बसली. या जातीचा स्वभाव तेवढ्या वीस मिनिटांत जितका कळला तितका नंतर वाचलेल्या कुठल्याही वर्णनातून कळला नाही. पिल्लू घेण्याआधी आई पाहावी असे सगळे सांगतात, पण आई शांतपणे, वेळ देऊन दाखवणारे ब्रीडर थोडे असतात.

जातीच्या इतिहासाबद्दल आपल्या भागात भरपूर दंतकथा ऐकायला मिळतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. कारवानी हा नजरेने शिकार करणारा, म्हणजे वासापेक्षा डोळ्यांवर आणि पायांवर भिस्त ठेवणारा शिकारी कुत्रा आहे. मध्य आणि पश्चिम आशियातले सलुकी, ताझी हे त्याचे पूर्वज मानले जातात आणि तिकडून आलेल्या व्यापारी तांड्यांबरोबर, सैन्याबरोबर ही कुत्री दख्खनेत उतरली असावीत असे सर्वसाधारण मत आहे. कारवाँबरोबर आला तो कारवानी. इथल्या कोरड्या माळावर, ज्वारीच्या भाकरीवर आणि ताकावर पिढ्यान्‌पिढ्या जगून तो इथलाच झाला. विजयपूर, बागलकोट, बेळगाव, सांगली, सोलापूर हा त्याचा मुलूख; राज्यांची सीमा अलीकडची आहे, कुत्रा तिच्या दोन्ही बाजूंना आधीपासून आहे. अंगावर लांब रेशमी केस असलेला पश्मी हाही याच कुळातला. अण्णांकडे पश्मी नाही.

बागलकोट जिल्ह्यातले मुधोळ आपल्यापासून विजयपूरमार्गे पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. तिथल्या घोरपडे घराण्याच्या संस्थानात, विशेषतः मालोजीराव घोरपडे यांनी, या कुत्र्यांची नीट निवड करून पैदास केली. त्यांनी इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज यांना एक जोडी भेट दिली आणि तेव्हापासून मुधोळ हाउंड हे नाव रूढ झाले असे सांगितले जाते. आजही केनेल क्लब ऑफ इंडिया या कुत्र्याची नोंद कॅरव्हान हाउंड या नावाने करते, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड या नावाने. त्यामुळे कोणी ‘हा मुधोळ आहे, कारवानी नाही’ असे सांगून जास्त पैसे मागितले तर ते देण्याचे मला तरी काही कारण दिसत नाही. दोन्ही नावांच्या कुत्र्यांत सूक्ष्म फरक सांगणारे जाणकार आहेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे; परंतु बाजारात तो फरक केवळ भाव वाढवण्यासाठी सांगितला जातो. ‘राजघराण्याच्या रक्ताचे पिल्लू’ या जाहिरातीचेही तसेच आहे. अण्णांनी मला असले काहीही ऐकवले नाही. आजोबांच्या काळात वस्तीवर राखणीला आणि सशामागे सोडायला ही कुत्री होती, त्यातल्याच एका मादीची ही ओळ आहे, एवढेच ते म्हणाले.

गेल्या काही वर्षांत या जातीला बरे दिवस आले आहेत. २००५ मध्ये टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर चार तिकिटे काढली, त्यात मुधोळ होता. २०१६ मध्ये लष्कराने या जातीची पिल्ले मेरठच्या आपल्या केंद्रात प्रशिक्षणासाठी नेली. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये मुधोळचे नाव घेतले. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने देशी श्वानांच्या ज्या पहिल्या तीन जातींची अधिकृत नोंद केली, त्यांत राजपालयम आणि चिप्पीपराई यांच्या बरोबरीने मुधोळ हाउंड आहे. याचा आनंद आहेच, पण नाव झाले की मागणी वाढते, मागणी वाढली की घाईने पैदास होते आणि अशा पैदाशीतली पिल्ले सहा महिन्यांनी रस्त्यावर सोडलेली दिसतात. होटगी रस्त्याला अशी दोन कारवानी जातीची कुत्री उकिरड्यावर फिरताना मी स्वतः पाहिली आहेत. त्यातले एक लंगडत होते.

पिल्लांच्या विक्रीसाठी कायदा आहे हे आपल्याकडे फार थोड्या खरेदीदारांना ठाऊक असते. श्वान पैदास व विक्रीसंबंधी २०१७ चे केंद्र सरकारचे नियम सांगतात की ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी, आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकू नये, अठरा महिन्यांच्या आतल्या मादीपासून पिल्ले घेऊ नयेत आणि एका मादीची आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेते घेऊ नयेत. अण्णांनी आम्हाला पिल्लू नऊ आठवडे पूर्ण झाल्यावर दिले. मी सातव्या आठवड्यात घाई केली तेव्हा नाही म्हणाले. आठ आठवड्यांपर्यंत आईजवळ आणि भावंडांत राहिलेले पिल्लू चावा किती जोराचा घ्यायचा, माघार केव्हा घ्यायची हे त्यांच्याकडून शिकते, आणि या जातीसारख्या लाजाळू कुत्र्याला त्या शिक्षणाची फार गरज असते. मादी त्या वेळी तीन वर्षांची होती आणि ते तिचे दुसरे वेत होते, हे त्यांच्या वहीत तारखांसह लिहिलेले होते. नोंदणीबाबत मात्र ते मागे आहेत. ‘अर्ज केलाय’ एवढेच उत्तर मला दोनदा मिळाले, कागद पाहायला मिळाला नाही. ओळखीसाठी कातडीखाली बसवायची मायक्रोचिपही मी विचारल्यावर, माझ्या खर्चाने, नंतर बसवली गेली. माणूस कितीही प्रामाणिक असला तरी हे काम कागदावर असायलाच हवे, आणि ही माझी त्यांच्याविषयीची पहिली तक्रार आहे.

दिवाळीनंतर पिल्लू आणायला गेलो. बारा हजार रुपये दिले, पावती मिळाली नाही. पिल्लाबरोबर मिळाले ते असे: लसीचे आणि जंताच्या औषधाचे कार्ड, त्यावर पशुवैद्याची सही आणि शिक्का, अण्णांच्या मुलीने सुवाच्य अक्षरात लिहिलेले खाण्यापिण्याचे दोन पानी टिपण, आणि आईच्या अंगाखालच्या तरटाचा हातभर तुकडा. त्या तुकड्याचे महत्त्व मला पहिल्या रात्री कळले. बारा वाजता रडायला लागलेले पिल्लू तो तुकडा तोंडात धरून, त्यावर नाक खुपसून झोपले. पुढचा महिनाभर तो तुकडा धुवायचा नाही असा घरात नियमच झाला होता.

टिपणातला आहार हा जुन्या वळणाचा आहे: ज्वारीची भाकरी ताकात कुस्करून, दिवसाआड एक उकडलेले अंडे, आठवड्यातून एकदा शिजवलेले मटणाचे तुकडे. मालदांडी ज्वारीच्या भाकरीवर ही जात वाढली हे खरे असले, तरी वस्तीवरचे कुत्रे त्याशिवाय उंदीर, घुशी आणि काय काय पकडून खात असे हे विसरून चालणार नाही. शहरातल्या घरात तेवढ्यावर भागत नाही. चौथ्या महिन्यात चंद्रीचे वजन अडकले, तेव्हा आमच्या डॉक्टरांनी रोज दोन अंडी, कोंबडीचे मांस आणि एका वेळी पिल्लांसाठीचे तयार खाद्य सुरू करायला सांगितले, आणि मी दुकानातून आणलेली कॅल्शियमची बाटली बंद करायला लावली, कारण उंच वाढणाऱ्या जातीत जादा कॅल्शियमने हाडांची वाढ बिघडते. आहाराच्या बाबतीत अण्णांच्या टिपणात सुधारणा व्हायला हवी, आणि मी ती सुचवल्यावर त्यांनी अंड्याचा आकडा खोडून बदललाही. एक गोष्ट मात्र त्या टिपणात ठळक अक्षरांत होती व ती आपल्या भागासाठी फार महत्त्वाची आहे: द्राक्षे, बेदाणे, कांदा आणि लसूण अजिबात द्यायचे नाहीत. द्राक्षांनी आणि बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि कांदा-लसणाने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. पंढरपूरकडून पाहुणे आले की घरात बेदाण्याची पिशवी येते आणि शेंगाचटणी तर आपल्याकडे रोजचीच. त्यातला लसूण लक्षात घेऊन आम्ही चटणी लावलेल्या भाकरीचा तुकडाही तिला देत नाही.

स्वभावाविषयी विचारणाऱ्यांना मी आधी हे सांगतो की दारात आलेल्या प्रत्येकाच्या अंगावर उड्या मारणारे कुत्रे हवे असेल तर कारवानी घेऊ नका. चंद्री घरातल्या चौघांना जीव लावते आणि बाकीच्यांशी सभ्यपणे अंतर ठेवते. पाहुणे आले की ती उठून माजघराच्या कोपऱ्यात जाते आणि तिथून सगळ्यांवर लक्ष ठेवते. भुंकणे फार कमी. राखण करते, पण तिची राखण म्हणजे दारात उभे राहून टक लावून पाहणे, आणि अनोळखी माणसाला तेवढे पुरते. रागावणे तिला सोसत नाही. एकदा तिने चप्पल कुरतडल्यावर आमच्या आप्पांनी मोठ्याने आवाज चढवला, तर पुढचे दोन दिवस ती त्यांच्या खोलीत गेली नाही. तिसऱ्या दिवशी आप्पांनीच जमिनीवर बसून हातात भाकरी धरली तेव्हा दोघांची दिलजमाई झाली. मारून शिकवण्याची सवय असलेल्या माणसाच्या हाती हे कुत्रे पूर्ण बिघडेल. शिकवणे जमते ते थोड्या थोड्या वेळाने, खाऊ देऊन, आणि एकच गोष्ट वीसदा करायला न लावता.

धावणे हा तिचा जीव आहे. या कुत्र्यांच्या वेगवान दौडीत एका फेरीत चारही पाय दोनदा जमिनीपासून सुटतात, एकदा पोटाखाली गोळा झालेले असताना आणि एकदा पुढेमागे पूर्ण पसरलेले असताना. हे वाचून माहीत होते, पण मेहुण्यांच्या कुंपण घातलेल्या शेतात ज्वारी निघाल्यावर तिला पहिल्यांदा सोडले तेव्हा मला ते दिसले नाही, फक्त ऐकू आले: धसकटांतून येणारा पायांचा आवाज मध्येच थांबायचा, क्षणभर काहीच नसायचे आणि मग पुन्हा सुरू व्हायचा. आठवड्यातून दोनदा अशी मोकळी दौड आणि रोज तासभर चालणे, एवढे मिळाले की उरलेला दिवस ती झोपून काढते. सोलापूरच्या उन्हाळ्यात, पारा ४३-४४ अंशांवर जातो तेव्हा, आम्ही पहाटे साडेपाचला निघून साडेसहाला परत येतो आणि संध्याकाळी डांबरावर तळहात ठेवून पाहिल्याशिवाय तिला रस्त्यावर उतरवत नाही. छाती खोल असलेल्या कुत्र्यांच्या पोटाला पीळ पडून जीव जाण्याचा धोका असतो, म्हणून पोटभर खाऊन धावणे आणि धावून लगेच खाणे, दोन्ही बंद. खाण्याच्या दोन वेळा आहेत आणि प्रत्येकीनंतर निदान तासभर विश्रांती.

आता दुखापतीविषयी. गेल्या ऑगस्टमध्ये एका रविवारी आम्ही बार्शी रस्त्याने नान्नजच्या अलीकडे गेलो होतो. माळ हिरवा झाला होता. चंद्रीच्या गळ्यात शहरातल्या एका दुकानातून घेतलेला नेहमीचा बकलाचा पट्टा होता आणि दोरी माझ्या हाताला गुंडाळलेली होती. बांधाच्या पलीकडून ससा उठला. तिने झटका दिला नाही; ती एक पाऊल मागे सरली, मान खाली घातली आणि पट्टा माझ्या हातात राहिला. कारवानीचे डोके मानेएवढेच अरुंद असते, साधा पट्टा त्यावरून सहज निघतो. मी हाका मारत राहिलो. नजरेत सावज असताना या कुत्र्याला हाक ऐकू येत नाही, हे वाक्य मी त्याआधी अनेकदा वाचले होते. अर्ध्या तासाने ती परत आली तेव्हा डाव्या मांडीची कातडी तारेच्या कुंपणात अडकून वीतभर फाटलेली होती. ससा वाचला होता, याचे मला त्या स्थितीतही बरे वाटले.

बरे वाटण्याचे कारण नीट सांगायला हवे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्याखाली सशाची शिकारही गुन्हा आहे, काळविटाची तर फारच गंभीर. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ पासूनचे. त्या माळावर काळविटांचे कळप आहेत, लांडगे आहेत, आणि माळढोकासारखे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. माळढोक आता क्वचितच दिसतो. अशा ठिकाणी सुटलेले एक शिकारी कुत्रे एका सकाळीत काय करू शकते याचा विचार त्या अर्ध्या तासात माझ्या मनात आला नाही असे एक मिनिटही नव्हते. कुत्र्यांतला डिस्टेंपर हा संसर्गजन्य आजार लांडग्यांना होऊ शकतो, त्यामुळे लसी वेळेवर देणे हेही केवळ आपल्या कुत्र्यापुरते राहत नाही. माळाच्या बाजूला आम्ही आता जातच नाही, आणि कोणीही कारवानी घेऊन तिकडे जाऊ नये असे मला वाटते. अण्णांनी पहिल्या भेटीत शिकारीबद्दल का विचारले हे मला तेव्हा पूर्ण समजले. शिकारीसाठी मागणाऱ्यांना ते पिल्लू देत नाहीत, आणि या एका गोष्टीसाठी मी त्यांना कितीही गुण द्यायला तयार आहे.

जखम मोठी होती, भूल देऊन टाके घालावे लागणार होते. गाडीतून दवाखान्यात जाताना पत्नीने अण्णांना फोन लावला. त्यांनी पहिल्यांदा विचारले ते हे, की डॉक्टरांनी याआधी अशा जातीचे कुत्रे भुलीखाली घेतले आहे का. अंगात चरबी फार कमी असल्यामुळे काही भुलीची औषधे अशा धावणाऱ्या कुत्र्यांच्या शरीरातून हळू उतरतात आणि कुत्रे बराच वेळ शुद्धीवर येत नाही. विशेषतः थायोपेंटोनसारखी औषधे टाळावीत हे ग्रेहाउंडच्या अनुभवावरून पशुवैद्यांना माहीत आहे, परंतु गर्दीच्या दवाखान्यात ते लक्षात आणून दिलेले बरे. अण्णा स्वतः डॉक्टरांशी बोलले, डॉक्टरांनी दुसरे औषध वापरले, अकरा टाके पडले आणि रात्री नऊला चंद्रीने डोळे उघडून माझ्या हाताला नाक लावले. दुसऱ्या दिवशी अण्णा अक्कलकोट रस्त्यावरून जुळे सोलापूरला स्वतः आले. येताना एक पट्टा घेऊन आले: दोन इंच रुंद, मऊ कातड्याचा, आतून कापड लावलेला आणि मागे एक छोटी दुहेरी कडी असलेला, जी ओढ बसताच पट्टा डोक्यावरून निघणार नाही इतकीच आवळते आणि गळा दाबत नाही. तो त्यांनी सोलापुरातल्या एका चर्मकार कारागिराकडून करवून घेतला होता. पैसे घेतले नाहीत.

तरीही माझी दुसरी तक्रार इथेच आहे. हा पट्टा पिल्लाबरोबर नाही तरी सहाव्या महिन्यापर्यंत तरी हातात यायला हवा होता, किंवा निदान त्या दोन पानी टिपणात त्याच्याविषयी चार ओळी हव्या होत्या. पिढ्यान्‌पिढ्या ही कुत्री सांभाळणाऱ्या माणसाला जे इतके उघड आहे की सांगण्याची गरज वाटत नाही, ते पहिल्यांदा कारवानी घेणाऱ्या माणसाला ठाऊक नसते. मी हे त्यांना बोलून दाखवले. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, ‘चुकलं सर. आमच्याकडं मोकळीच असत्यात, ध्यानात आलं न्हाई.’ आता ते प्रत्येक पिल्लाबरोबर त्या कारागिराचा पत्ता देतात असे नंतर पिल्लू घेतलेल्या एका शेजाऱ्याने सांगितले.

बाकी निगा सोपी आहे. केस आखूड असल्यामुळे आठवड्यातून एकदा रबरी ब्रशने पुसून काढले की झाले. अंघोळ दीड-दोन महिन्यांनी. नखे दर पंधरा दिवसांनी पाहावी लागतात. गोचिडांची मात्र रोज तपासणी हवी, कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत, कारण गोचिडाचा ताप आपल्या भागात सर्रास आहे आणि पावसाळ्यानंतर तो वाढतो. झोपण्यासाठी दुकानातल्या महागड्या गाद्यांपेक्षा आपली सोलापुरी चादर चौघडी करून घातली तर उत्तम काम करते. हाडे कातडीच्या अगदी जवळ असल्यामुळे उघड्या फरशीवर झोपून कारवानीच्या कोपरांना घट्टे पडतात. चादर जाड, सुती, आठवड्याला धुता येणारी, आणि डिसेंबरच्या रात्री तिचाच एक पदर अंगावर ओढून घ्यायला चंद्री आपोआप शिकली. थंडी या कुत्र्यांना सोसत नाही हे सोलापुरात ऐकून लोकांना आश्चर्य वाटते.

सोळा महिन्यांची चंद्री आता ६६ सेंटिमीटर उंच आणि २१ किलो वजनाची आहे. शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसतात, आणि त्या दिसायलाच हव्यात. ज्या दिवशी दिसणार नाहीत त्या दिवशी खाणे कमी करावे लागेल. अण्णा अजूनही दर महिन्याला तिचा उभा, बाजूने काढलेला फोटो मागवतात आणि पाहून काहीतरी सांगतात. जानेवारी-फेब्रुवारीत, सुगी सुरू झाली की, ते आठ-आठ दिवस फोन उचलत नाहीत. त्या काळात पिल्लू नवे असेल तर अडचण होऊ शकते, म्हणून जवळचा एक पशुवैद्य आधीच ठरवून ठेवावा.

एकंदरीत मी या सेवेला पाचपैकी चार गुण देतो. एक गुण कागदपत्रांसाठी आणि पट्ट्यासाठी कापला आहे. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी, दिवसभर घर बंद ठेवणाऱ्यांनी आणि कुत्र्याने ओळखीपाळखीच्या लोकांपुढे खेळ करून दाखवावेत असे वाटणाऱ्यांनी तिकडे जाऊ नये. अण्णा परत पाठवतील, आणि ते योग्यच होईल. पुढचे वेत पावसाळ्यानंतरच आहे आणि वहीत आत्ताच सात नावे आहेत. फोनवर नाव लिहून घेत नाहीत, प्रत्यक्ष जावे लागते, ते शक्यतो सकाळी दहाच्या आत, आणि जाताना घरातल्या सगळ्यांना घेऊन जावे, कारण ते लहान मुलांनाही प्रश्न विचारतात आणि त्यांची उत्तरेही वहीत लिहितात.